हाताला गुण की मापाला?

वसई म्हटलं की मुंबईकरांना काय काय आठवतं! कुणाला किल्ला आठवतो, कुणाला सुकेळी. पण पार्ले, वांद्रे, दादरच्या जुन्या गृहिणींना विचारलंत तर त्या हमखास सांगतील, 'वसईची भाजीवाली.' पहाटेच्या लोकलनं यायची, पाटीत दवानं ओला झालेला माठ, अळू, वांगी, वालाच्या शेंगा, केळीचा फणा आणि वर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या कळ्या. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशा गावांतल्या वाड्यांवर ही भाजी पिकायची. आजही पिकते, नाही असं नाही. पण वाड्या आक्रसल्या आणि इमारती वाढल्या. हरित वसई संरक्षण समितीनं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या वाड्यांसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी किती झगडा केला, ते इथल्या लोकांना माहीत आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि वाडीतल्या नाहीतर गावाकडच्या कितीतरी लेकीसुना आज चौथ्या-पाचव्या मजल्यावर, चार फुटी गॅलरीत उभ्या राहून कुंडीत मेथी पेरू लागल्या.

आता चौथ्या मजल्यावर माती चढवायची म्हणजे खायचं काम नाही. दहा लिटरच्या कुंडीत ओली माती भरली तर पंधरा-सोळा किलो वजन होतं. गॅलरीवर भार नको म्हणून सोसायटी कुरकुरते, पावसाळ्यात खालच्या मजल्यावर गढूळ ओघळ गेला की भांडण ठरलेलं. म्हणून मग बाजारातून ती वीट येते. नारळाच्या सोडणाचा भुसा दाबून केलेली, कोकोपीटची. हलकी, स्वच्छ, पाण्यात टाकली की भातासारखी फुलणारी. साडेसहाशे ग्रॅमची वीट आठ-नऊ लिटर होते, पाच किलोचा ठोकळा साठ-सत्तर लिटर. ओलं झाल्यावरही मातीच्या निम्मंच वजन. सगळ्या दृष्टीनं सोयीचं!

मेथी उगवते. छान दोन पानं, चार पानं. आणि पंधराव्या-विसाव्या दिवशी पिवळी पडायला लागते. टोमॅटोचं रोप हातभर होतं आणि तिथंच रुसून बसतं. मग इमारतीच्या जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, महिला मंडळात एकच वाक्य ऐकू येतं, "काय सांगू वहिनी, पाणी वेळेवर घालते, ऊनही आहे. पण माझ्या हातालाच गुण नाही हो."

हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. मीठ कमी पडलेल्या आमटीला आपण 'हाताला चव नाही' म्हणतो, पण चिमूटभर मीठ घातलं की तीच आमटी सुधारते ना? त्या मेथीचंही तसंच आहे. ती उपाशी आहे, एवढंच. आणि तिला काय हवं, किती हवं, ते ग्रॅममध्ये सांगता येतं. घरच्या घरी तयार करता येतं.

कोठीघर आणि ताट

माती म्हणजे कोठीघर. तिच्यात चुना आहे, लोह आहे, सडका पाला आहे, कोट्यवधी जिवाणू आहेत. शेणखत टाकलं, एरंडीची पेंड टाकली, मासळीचं खत टाकलं की हे जिवाणू ते हळूहळू कुजवतात आणि झाडाला पचेल अशा रूपात पुढे करतात. वाडीतल्या आजीला माप कधी लागलं नाही, याचं कारण तिच्या मातीतच सापडतं. चार मुठी जास्त पडल्या काय नि दोन कमी पडल्या काय, माती सांभाळून घ्यायची.

कोकोपीट म्हणजे रिकामं ताट. पाणी धरायला उत्तम, आपल्या वजनाच्या सात-आठ पट धरतं. मुळांना हवाही मिळते. पण त्यात झाडाचं जेवण जवळजवळ नाहीच. जे वाढाल ते आणि तेवढंच. वाढायचं विसरलात तर झाड दुसरीकडून आणणार कुठून?

बरं, आपण काय वाढतो? तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, केळीच्या साली भिजवलेलं पाणी, अंड्याची टरफलं. यातलं काही वाईट नाही, पण हे सारं मातीसाठी ठीक आहे. अंड्याचं टरफल म्हणजे खडूच, साध्या पाण्यात ते विरघळत नाही. केळीच्या सालीत पालाश असतं, पण पालेभाजीला सगळ्यात जास्त लागणारं नत्र त्यात नसल्यासारखंच. चहाचा चोथा कुजल्याशिवाय झाडाच्या उपयोगी पडत नाही, आणि कोकोपीटमध्ये तो कुजवणारी मंडळी फारशी नसतात. उलट चिलटं तेवढी येतात.

पाण्यातल्या शेतीची जुनी गोष्ट

'खताचं पाणी पाजून भाजी? हे काय नवीन खूळ!' असं कुणाला वाटेल. पण हे दीडशे वर्षांहून जुनं आहे. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांनी मातीचा कण न वापरता, पाण्यात मोजून क्षार विरघळवून झाडं वाढवून दाखवली. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गेरिक यांनी या पद्धतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव रूढ केलं. १९३८ मध्ये तिथल्याच होगलंड आणि आरनॉन यांनी क्षारांचं प्रमाण छापून सगळ्यांसाठी खुलं केलं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत 'होगलंडचं द्रावण' वापरतात.

आणि आपल्याकडे? १९४६ मध्ये शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रज गृहस्थानं बंगालमधल्या कालिंपाँग भागात यावर काम सुरू केलं. महागडे पंप, काचेची घरं असलं काही नको, साधी खडी, साधे हौद आणि मोजून मिसळलेली खतं, एवढ्यावर भाजी पिकली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. 'बेंगाल सिस्टीम' म्हणून ती ओळखली गेली. खडीच्या जागी कोकोपीट आलं ते बरंच नंतर.

आपल्या महाराष्ट्रात तर आणखी एक सोय झाली आहे, ती द्राक्षवाल्यांमुळे. नाशिक-सांगलीकडे ठिबक सिंचन आलं आणि पाण्यात पूर्ण विरघळणारी खतं कृषी सेवा केंद्रांत किलोच्या पाकिटात मिळू लागली. पाकिटावर १३:००:४५, ००:५२:३४ असे आकडे असतात. घाबरून जाऊ नका. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. पाळण्याच्या वेळी बाळंतिणीच्या आहारात काय काय हवं ते आपण बोटांवर मोजतो, तसंच हे.

इथे एक खुलासा. दुकानदार बहुतेक वेळा १९:१९:१९ पुढे करतो, 'ताई, यात सगळं आहे' म्हणून. मातीतल्या झाडाला ते चालतं. पण त्यात कॅल्शियम नसतं, आणि अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. युरिया झाडाच्या कामी यायचा तर आधी जिवाणूंनी तो फोडावा लागतो. कोकोपीटमध्ये नुसत्या १९:१९:१९ वर झाड ठेवणं म्हणजे माणसाला नुसत्या भातावर ठेवणं.

आधी धुणं, मग वाढणं

वीट आणली, भिजवली, रोप लावलं, असं करायचं नाही. नारळ समुद्रकाठचा. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात. त्यामुळे भुशात मीठ असतं. म्हणून वीट फुलवून जुन्या पातळ ओढणीत किंवा कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरायची आणि दोन-तीन पाण्यांतून तांदळासारखी धुवायची. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघेल, शेवटचं फिकं.

पण एवढ्यानं भागत नाही. भुशाच्या कणांना सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं, ते नुसत्या पाण्यानं सुटत नाही. आणि भुशाची खोड अशी, की कॅल्शियम दिसलं की हे सोडून ते धरून ठेवायचं. म्हणजे तुम्ही झाडासाठी वाढलेलं कॅल्शियम भुसाच गट्ट करतो. पाहुण्याचं ताट यजमानानंच संपवावं तसा प्रकार! म्हणून आधी यजमानाचं पोट भरायचं. एका विटेसाठी पाच लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, धुतलेला भुसा त्यात रात्रभर ठेवा, सकाळी निथळून एकदा साध्या पाण्यातून काढा. हे एकदाच करायचं. पण जिनं केलं तिचं रोप आणि जिनं नाही केलं तिचं रोप यात महिनाभरात फरक दिसतो.

पाककृतीच म्हणा ना!

आता मुख्य काम. यासाठी स्वयंपाकघरातला चमचा चालणार नाही. मॅग्नेशियम सल्फेटचा चमचा आणि कॅल्शियम नायट्रेटचा चमचा यांचं वजन वेगळं भरतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आणा, भिशीच्या चार-पाच जणींनी मिळून एक घेतला तरी पुरतो. खतंही वाटून घ्या. हिशेब बघा, दहा कुंड्यांच्या गॅलरीला रोज साधारण पाच लिटर द्रावण लागतं. खालचं प्रमाण शंभर लिटरचं आहे, म्हणजे वीस दिवसांचं. एक किलो कॅल्शियम नायट्रेट अशा बारा वेळांना पुरतं, म्हणजे आठ महिने.

'अ' बाटली
कॅल्शियम नायट्रेट – ८० ग्रॅम
चिलेटेड लोह (१२ टक्के, ईडीटीए) – २ ग्रॅम
पाणी – सगळं मिळून १ लिटर होईल इतकं

'ब' बाटली
पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) – ३० ग्रॅम
मोनो पोटॅशियम फॉस्फेट (००:५२:३४) – २० ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट – ४० ग्रॅम
चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची पूड (पाकिटावर बोरॉन लिहिलेलं असावं) – १ ग्रॅम
पाणी – सगळं मिळून १ लिटर होईल इतकं

कृती : पाऊण लिटर कोमट पाण्यात (फिल्टरचं किंवा पावसाचं असेल तर उत्तम) एकेक पूड घालून ढवळा. एक पूर्ण विरघळली की दुसरी. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं पाणी निवल्यावर घाला. मग लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. बाटल्या गडद रंगाच्या घ्या किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण उजेडानं लोह बिघडतं.

वापरताना एक लिटर पाण्यात 'अ'मधलं १० मिलिलिटर घाला, ढवळा, मग 'ब'मधलं १० मिलिलिटर घाला, पुन्हा ढवळा. मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्या, 'अ'ची वेगळी, 'ब'ची वेगळी.

'दोन बाटल्यांचा खटाटोप कशाला, एकातच करते की' असं मनात आलं असेल, तर एकदा काचेच्या पेल्यात दोन्हीचे दोन-दोन चमचे तसेच एकत्र करून बघा. दूध फाटावं तसं पांढरं होईल. 'अ'मधलं कॅल्शियम आणि 'ब'मधलं फॉस्फेट-सल्फेट एकमेकांना धरून तळाशी बसतात. तळाशी बसलेलं अन्न झाडाला मिळत नाही. भरपूर पाण्यात, एकामागून एक घातलं की हे होत नाही. एवढी एक गोष्ट सांभाळली की बाकीचं सोपं.

कोवळ्या रोपाला, चार पानं होईपर्यंत, दोन्हीचं ३-३ मिलिलिटरच द्या. नंतर ५-५, आणि रोप अंग धरू लागलं की १०-१०. मेथी, पालक, माठ, कोथिंबीर, पुदिना यांना एवढं पुरतं. टोमॅटो, मिरची, वांग्याला फुलं आली की पुढच्या 'ब' बाटलीत सल्फेट ऑफ पोटॅश (००:००:५०) २० ग्रॅम वाढवा.

पाणी घालताना कुंडीच्या तळातून थोडं, साधारण पाचवा हिस्सा, बाहेर निथळेपर्यंत घाला. नाहीतर क्षार भुशात साचत जातात. कोकोपीट कधी पूर्ण वाळू देऊ नका, वाळलं की उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात आणि मुळं भाजतात. चैत्र-वैशाखात दोनदा पाजावं लागेल, तेव्हा दोन्ही वेळा अर्ध्या ताकदीचं द्या. निथळलेलं द्रावण गटारात न सोडता खालच्या आवारातल्या झाडांना घाला, त्यांच्या मातीला ते चालतं. आणि थाळीत पाणी साचू देऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूची काय गत होते, ते सांगायला नकोच.

पाणी कुठलं?

वसई-विरारमध्ये हा प्रश्न सगळ्यात मोठा. एका इमारतीत सूर्या धरणाचं पाणी, दुसऱ्या इमारतीत बोअरचं, तिसरीत टँकरचं, आणि कधी कधी एकाच टाकीत तिन्ही. खाडीच्या बाजूला बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं. पाकिटं कितीही चांगली आणलीत, तरी पाणीच खारट असेल तर द्रावणाला काही अर्थ राहत नाही.

पाण्याचा फिल्टर बसवायला येणारा माणूस पेनासारखं जे मीटर बुडवून दाखवतो, ते टीडीएस मीटर या कामी येतं. तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडा दोनशेच्या आत असेल तर चिंता नाही. पाचशेच्या वर असेल तर ते नुसतं वापरू नका, निम्मं पावसाचं किंवा एसीचं निथळलेलं पाणी मिसळा. फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र लादी पुसायलाच ठेवा, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. आपल्याकडे पाऊस काही कमी पडत नाही. गॅलरीच्या पत्र्यावरचं पाणी पहिले एक-दोन पाऊस सोडून देऊन, मग झाकणाच्या पिंपात धरलं तर बराच काळ पुरतं. झाकण मात्र घट्ट हवं, डासांसाठी.

पूर्ण ताकदीचं द्रावण केलं की मीटरवर तुमच्या मूळ पाण्याच्या आकड्यात साधारण सातशे ते साडेआठशेची भर पडलेली दिसेल. त्याहून खूप जास्त दिसली तर माप चुकलंय, पाणी वाढवा. खूप कमी दिसली तर पुडीनं ओल धरली असेल. कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल फार लवकर ओढतं, आणि आपल्या हवेत तर श्रावणात पापडही सादळतात! तेव्हा पाकीट फोडलं की लगेच लोणच्याच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.

आणखी एक, आंबटपणाची. द्रावण किंचित आंबट, म्हणजे पीएच साडेपाच ते साडेसहा असलं की झाडाला लोह नीट घेता येतं. पीएच बघायच्या कागदी पट्ट्या मिळतात. बोअरच्या पाण्यात आकडा वर जातो. तेव्हा ढोकळ्यात घालतो त्या लिंबूफुलाची कणभर चिमूट पुरे. पण हा उपाय एक-दोन दिवसांचाच, म्हणून लागेल तेवढंच द्रावण ताजं करा.

पान बोलतं

झाड आजारी आहे का उपाशी, आणि उपाशी असेल तर कशासाठी, हे पान सांगतं. एक गंमत लक्षात ठेवा. काही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाला देता येतात. नत्र आणि मॅग्नेशियम तशी आहेत. कमी पडली की म्हातारं पान आपल्यातलं काढून कोवळ्या शेंड्याला देतं आणि स्वतः पिवळं पडतं. घरात आई काय करते? तेच! म्हणून खालची जुनी पानं सगळी सारखी पिवळी पडली तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. जुन्या पानांच्या कडाच करपल्या, तर पालाश.

लोह आणि कॅल्शियम मात्र एकदा जिथं बसलं तिथंच बसलं. ते कमी पडलं की त्रास नव्या पानांना होतो. शेंड्याची नवी पानं पिवळसर-पांढरी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह. नवी पानं वेडीवाकडी, कडा जळलेल्या, किंवा टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग, तर कॅल्शियम. हा टोमॅटोचा डाग बघून किती जणी औषध फवारत बसतात! तो रोग नव्हे. भुसा धुताना कॅल्शियमचं पाणी दिलं नसेल, किंवा कधी कोरडं कधी चिंब असं पाणी घातलं असेल, तर तो येतो.

'पण रासायनिक?'

हा प्रश्न येणारच. 'बाजारातली फवारलेली भाजी नको म्हणून तर घरी लावतोय, आणि तुम्ही पुन्हा पाकिटातली खतं सांगताय?' रास्त प्रश्न आहे. यात कीटकनाशक नाही, हे आधी लक्षात घ्या. शेणखतातलं नत्रही शेवटी मुळात शिरतं ते बरंचसं नायट्रेट होऊनच. फरक पडतो तो अतिरेकानं. पालकासारखी भाजी कमी उन्हात आणि जादा खतावर पानात नायट्रेट साठवून ठेवते, ते आपल्याला नको. म्हणून गॅलरीत तीन-चार तासांपेक्षा कमी ऊन येत असेल तर ताकद निम्मीच ठेवा, आणि 'जरा जास्त घातलं तर लवकर वाढेल' हा मोह टाळा.

ज्यांना पाकीट घरात नकोच, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे आणि तीही आपल्याच माणसांनी घालून दिलेली. प्रयोग परिवारच्या श्री. अ. दाभोळकरांनी पालापाचोळ्यातून सकस माती घरी तयार करायला शिकवलं. त्याच विचारावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून भाजीपाला आणि फळझाडं फुलवली. तुमच्याकडे गच्ची असेल, भार पेलत असेल, सहा महिने थांबायची तयारी असेल, तर ती वाट धरा. गॅलरीतच करायचं असेल तर कोकोपीटमध्ये एक तृतीयांश चांगलं गांडूळखत मिसळा आणि महिन्याला मूठ-मूठ वरून देत राहा. वाढ थोडी सावकाश, पण माप थोडं चुकलं तरी सांभाळून घेणारी. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो अर्धी ही, अर्धी ती केल्यावर. नुसता भुसा, त्यात कधी सालीचं पाणी, कधी १९:१९:१९चा चमचा, आणि मग 'हाताला गुण नाही.'

घरात जपायच्या गोष्टी

या बाटल्या म्हणजे औषध नव्हे आणि सरबतही नव्हे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका. उन्हातून खेळून आलेलं पोर रंगीत पाणी दिसलं की तोंडाला लावतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'झाडांचे खत, पिऊ नये' आणि तारीख लिहा, वरच्या फळीवर ठेवा. मोजायची वाटी, ढवळायची काडी वेगळी, ती पुन्हा स्वयंपाकात नको. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा, फटाक्यांच्या दारूत पडतो तोच. गॅसच्या शेगडीपासून, उदबत्तीपासून लांब ठेवा. पूड डोळ्यांत गेली तर चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा, आग थांबली नाही तर डॉक्टरकडे जा. तोडलेली भाजी नेहमीसारखीच धुऊन घ्या.

पाण्याविषयी शंका असेल, पीक मोठ्या प्रमाणात करायचं मनात असेल, तर आपल्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यात कोसबाड हिलला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या तज्ज्ञांना विचारायला संकोचू नका. शेतकरी म्हणजे धोतर-फेटाच असला पाहिजे असं थोडंच आहे? गॅलरीत दहा कुंड्या असलेली बाईही शेतकरीच.

सुरुवात दोनच कुंड्यांनी करा. एकीत मेथी, एकीत पुदिना. दुधाचा हिशेब लिहिता ना, तशी शेजारी एक वही ठेवा. कुठल्या तारखेला काय पाजलं, किती पाजलं, मीटरचा आकडा किती, पान कसं दिसलं, चार शब्दांत लिहायचं. वाडीतल्या आजीच्या डोक्यात हे सगळं पन्नास वर्षांच्या सवयीनं जमा झालेलं होतं. आपल्याकडे पन्नास वर्षं नाहीत, पण वही आहे, काटा आहे. पुढच्या वेळी मेथी पिवळी पडली तर हाताकडे बघू नका, वहीचं मागचं पान उलटा. आणि भाजी जमली की शेजारणीला जुडीबरोबर ते मापही लिहून द्या. वसईच्या वाडीत बी-बियाणं असंच तर एका दारातून दुसऱ्या दारात जायचं.